हिरव्या ठिपक्याची काच

अलेक्झांड्रियाच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत रौहिया सव्वीस वर्षं काच धूत होती. ज्या भांड्यांत गर्भ वाढवायचे, त्यांना ती साबणाचा वाससुद्धा लागू देत नसे. नुसतं पाणी आणि पुन्हा पाणी. धुऊन झाल्यावर नखांना लावायच्या हिरव्या रंगाचा ठिपका ती भांड्यावर द्यायची. तो दिसला की भांडं बेलाशक वापरावं.

त्या सकाळी डॉक्टरेट करणारी दुहा तणतणत मोरीपाशी आली. बंदरावर लोक लिंबू पिळून खातात त्या रित्साचे, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्रजीवाचे, गर्भ तिने काल वाढायला ठेवले होते.

"खाला, साबण लावलात ना? सगळे बिघडले. आता सरांना काय सांगू?"

रौहियाचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांच्या नावाला बट्टा लागणार होता. "आधी दाखव मला," ती म्हणाली.

तिला आजवर कुणी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं नव्हतं. तिने डोळा लावला. काचेच्या मण्यांएवढेही नाहीत असे जीव गरगरत होते आणि प्रत्येकाचं आतडं बाहेर लोंबत होतं.

"अगं, साबणाने मेले असते. हे तर पोहतायत. आतडं बाहेर कसं आलं?"

"गर्भाच्या तळाच्या पेशी शेजारणींना सांगतात, आतडं व्हा. वरच्या म्हणतात, बास, इथपर्यंतच. दोघी एकमेकींना आवरतात म्हणून आतडं बेताचं होतं आणि आत वळतं. लिथियमचा क्षार घातला की तळाच्यांचा आवाज चढतो, आणि..." दुहा थांबली.

"तो क्षार कशात कालवलास?"

दुहाने फ्रिज उघडला. परवा बाटली मोकळी नव्हती, म्हणून तिने क्षाराचं पाणी हिरव्या ठिपक्याच्या बाटलीत भरलं होतं. काल तोच ठिपका बघून साधं समुद्राचं पाणी समजून तिनेच ते गर्भांवर ओतलं होतं.

"खाला, चूक माझी. सरांना मीच सांगते."

"सांग. आणि नवे गर्भ ठेवलेस की मला हाक मार."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुहाने हाक मारली. मण्यासारख्या गर्भाचा तळ हळूच आत ओढला जात होता, तोंड कुठल्या बाजूला हेही ठरलं होतं.

"यांचा मुकादम कोण गं?"

"कोणी नाही. शेजारी शेजाऱ्याला सांगतो, तेवढंच."

रौहियाचे डोळे भरून आले. हे सगळं तिने धुतलेल्या काचेत रोज घडत होतं, आणि ती मोरीकडे तोंड करून उभी होती. मागे सर येऊन उभे राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना पाहून उठली नाही.