अमेरिकेतली वाटणी

आधुनिक अमेरिकन समाजाचा इतिहास हा माझा विषय. कुंडलच्या माणसानं हा विषय का घेतला, असं मला अजून विचारतात. मार्गदर्शक सरांकडं गेलो तेव्हा ते म्हणाले, "मराठेशाहीवर रांग लागलीय. अमेरिका मोकळी आहे." एसटीत मोकळी जागा दिसली की ती उन्हाच्या बाजूची आहे का, हे आपण बघत नाही. मीही बघितलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही. वडील फौजेतून हवालदार होऊन परतले, त्यांनी ऊस लावला आणि मला शिकवलं. शिकून मी कऱ्हाडला तासिका तत्त्वावर लागलो, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, आणि सुट्टीत तोही नाही. सांगलीच्या एका कॉलेजात कायमची जागा निघणार होती, पण तिला पीएच.डी. हवी होती. म्हणून प्रबंधाच्या तोंडी परीक्षेवर माझं सगळंच अडकलं होतं.

प्रबंध महायुद्धानंतर शहरांबाहेर वसलेल्या नव्या वसाहतींवर होता. लग्न झालेली पोरं आईबापाचं घर सोडून तिकडं का गेली, एवढाच प्रश्न. तिकडच्या एका ग्रंथालयानं या लोकांच्या जुन्या मुलाखती संगणकावर ठेवल्या होत्या. त्या मी वर्षानुवर्षं वाचल्या आणि चौथ्या प्रकरणात शोध लावला, की ही सगळी भावाभावांतली वाटणी होती. बापानं जेवणाचं टेबल दिलं, असं कुणी सांगितलं की मी लिहायचो, 'हिश्श्याला टेबल आलं.' आई दर रविवारी नव्या घरी जायची, असं आलं की 'समेटाचे प्रयत्न'. भांडणाचा उल्लेख मात्र एकाही मुलाखतीत नव्हता. घरातलं भांडण माणूस परक्याला सांगत नसतो, असा एक आख्खा परिच्छेद त्यावर मी लिहून ठेवला होता. तो मला फार आवडायचा. बायकोला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "हे तुमच्याच घरातलं वाटतंय." मला ती दाद वाटली.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, हे मी घरी बोलून बसलो. झालं. परीक्षेदिवशी भावकी जीप भरून विद्यापीठात आली. बरोबर हार, पेढे आणि फेटा. पुढच्या खुर्च्या त्यांनीच धरल्या. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, गावात कुणाचीही सोयरीक असो की बांधाचा तंटा, बोलणी तेच करतात. बाहेरगावचे परीक्षक आत आले तसे तात्या उठले आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाले, "या सायेब. वाईच टेका, पानी घ्या."

परीक्षकांनी पाणी घेतलं आणि सरळ चौथं प्रकरण उघडलं.

"भांडणाला पुरावा काय?"

"सर, भांडणाशिवाय कोण वेगळं राहील?"

पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना डोलल्या.

"जुनं घर लहान होतं. बाहेर नवी घरं हप्त्यानं मिळत होती. सगळे हेच सांगतात."

"सांगायला तसंच असतं, सर."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "हे प्रकरण पुन्हा लिहा. तोवर मी शिफारस करणार नाही."

मार्गदर्शक सर पंख्याकडं बघायला लागले. तात्या उभे राहिले.

"सायेब, पोराचं काय चुकलं म्हनायचं?"

"यांनी भावाभावांत भांडण लावलंय. जे झालेलंच नाही."

तात्या माझ्याकडं वळले. "कुटल्या भावांत रं?"

"अमेरिकेतल्या."

"मग मिटवून टाक की. सायबांना कशाला ताप."

आणलेला हार परत न्यायचा नसतो, म्हणून तो परीक्षकांच्या गळ्यात पडला. फेट्याला ते नको म्हणाले, पेढा खाल्ला. त्या दिवशीच्या फोटोत मी त्यांच्या मागं, अर्धा दिसतो.

पुढचे काही महिने मी त्याच मुलाखती पुन्हा वाचल्या. माणसं हसत हसत सांगत होती, की नव्या घरात मुलांना खेळायला अंगण मिळालं. ते हसू मी आधीही वाचलं होतं, पण मला ते उसनं वाटलं होतं. भांडण काढल्यावर प्रकरण निम्मं झालं. दुसऱ्या तोंडी परीक्षेला मी कुणाला न सांगता, एकटा गेलो. पदवी मिळाली आणि तिच्यामागोमाग सांगलीची जागाही.

मी एकटाच जाऊन आलो, हे गावात कळलं तसं तात्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात गाठ पडली की ते कुणाच्याही उसाकडं निरखून बघत. वडील म्हणाले, "तुजं तू निस्तर. मी मधी पडनार न्हाई." मग मी पेढे घेऊन गेलो. तात्या ओसरीवर बसले होते.

"या डाक्टर. आमास्नी वाटलं, तुमी आता येगळं झालासा."

"तसं नाही तात्या. मागच्या खेपेला तुम्हाला हेलपाटा पडला, म्हणून म्हटलं..."

"हेलपाटा पडला म्हनून आमी बोललो का कवा?"

मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. त्यांनी पेढा उचलला, पण हातातच ठेवला.

"त्या अमेरिकेतल्यांचं मिटलं का?"

"भांडण नव्हतंच तात्या. सुखानं गेले राहायला."

"आन् सायबानं ते खरं धरलं?"

"धरलं. त्यावरच पदवी दिली."

आत कोणी ऐकत नाही ना, हे बघून तात्या माझ्याजवळ सरकले.

"आता आपन दोघंच हाय. खरं सांग, जमिनीवरनं का बायकांवरनं?"

मी रीतसर पदवी घेतलेला, कायम नोकरीतला प्राध्यापक. खाली बघून म्हणालो, "जमिनीवरनं, तात्या."

"मग," तात्या म्हणाले, पेढा तोंडात टाकला, आणि आत हाक देऊन काकूला चहा ठेवायला सांगितला.