तोरणमाळावरचं मातीचं छप्पर

पाहुण्याला खोली दाखवण्याआधी रतिलालभाई स्वतः आत जाऊन एकदा खोकत. आवाज घुमला की म्हणत, खोली कोरडी आहे. चुलीतली राख चिमटीत घेऊन चोळून बघत. पाहुण्यांनी काय शिजवलंय ते अंगणातून वासावर ओळखत, आणि भाजी त्यांना फिकी वाटली तर न मागता नंदुरबारच्या मिरचीची वाटीभर पूड आणून उंबऱ्यावर ठेवत. उपरण्याची गाठ हनुवटीखाली बांधत, ऐन वैशाखातसुद्धा. जेवताना बोलत नसत. बोलताना समोरच्याकडे बघत नसत, वर छताकडे बघत.

आठवड्यापूर्वी ते गेले. खाली सपाटीवर, आपल्या गावी कोरीटला, झोपेत. मला माझ्याबरोबर काम करणाऱ्या रेंग्यानं सांगितलं. मी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे रोपवाटिकेवर गेलो. दुपारपर्यंत मला काही सुचलं नाही.

रतिलालभाई कोरीटचे. घरची कापसाची शेती, घर भावांनी भरलेलं. शिवरात्रीच्या यात्रेला ते एकदा तोरणमाळावर आले. लोक थंडीत झाडाखाली दगड मांडून स्वयंपाक करत होते. कोणी कोणाच्या चुलीवरचं खात नव्हतं. रतिलालभाईंनी ते बघितलं आणि ठरवलं, इथं खोल्या बांधायच्या. भावांनी सांगितलं, हॉटेल काढ. ते म्हणाले, हॉटेलात कोण जेवणार? गुजर पाटलाच्या हातचं खाणार नाही, पाटील वाण्याच्या हातचं खाणार नाही. खोली द्यायची, चूल द्यायची, दोन पातेली द्यायची. ज्याचं त्यानं रांधावं.

सत्तावन्न साली त्यांनी चार खोल्या उभ्या केल्या. तीन पाहुण्यांना, एक स्वतःला. प्रत्येकीत एक चूल, एक घडवंची, एक बाज. भाडं असं की यात्रेला आलेल्यालाही जड जाऊ नये. खोल्या चालल्या. कोणी हवापालटाला येई, कोणी नवस फेडायला. मी बी.ए. झालो आणि जंगल खात्यात हंगामी कारकून म्हणून वर आलो, तेव्हा पहिली खोली मला मिळाली. दुसरीत जमुनाबाई राहत. त्या सरकारी सुईण, माहेर नवापूरकडचं, गळ्यात बारीक क्रूस. त्यांची खोली हाच तोरणमाळचा दवाखाना.

रतिलालभाई मला ‘बियेभाऊ’ म्हणत. नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

खोल्यांना छप्पर नव्हतं, धाबं होतं. आमच्या तापीकाठी घरं अशीच असतात. तुळईवर कड्या, म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या आणि पाला, त्यावर माती, आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे पांढरी खारट माती. तिच्यातून पाणी उतरत नाही. दर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास लोक धाब्यावर नवी खारी टाकतात. गळलं तर आणखी टाकतात. माझ्या घरीही तेच. त्यामुळे रतिलालभाईंनी डोंगरावर सपाट धाबं घातलं यात मला काही वावगं दिसलं नाही.

वर खारी मिळत नाही. ते ती कोरीटहून आणत. पायथ्यापर्यंत ट्रकनं, तिथून घोड्यांवर गोण्या लादून. दर उन्हाळ्यात. गोण्या आल्या की शेजारच्या पाड्यावरचा रेंग्या बघायला येऊन उभा राही. रेंग्या पावरा आदिवासी. घरी त्याची बोली वेगळी, पण बाजारात ऐकून ऐकून अहिराणी पक्की झालेली. रोपवाटिकेवर माझ्याबरोबर कामाला होता.

“शेट, आखो माती? घर शे का खळं?”

“मन्हा आजानं धाबं कोरीटले आजूनबी उभं शे.”

“कोरीटले पानी पाहुणा शे. येस नी जास. अठे घरजवाई शे. येस, बठस, जास नही.”

रतिलालभाई वर बघत म्हणत, “मंग काय करू? तुन्हासारखं गवत घालू? चार खोल्या, चार चुली. एकनी फोडणी उडनी का समदं राख.”

“मन्ही माय आखी उमर गवतखाले रांधस. जळनी का ती?”

जमुनाबाई आतून म्हणत, “तुमचं भांडण होऊ द्या. माझ्या पातेल्यात मात्र रोज वरून मीठ पडतंय. वेगळं घालावं लागत नाही.”

गवत न घालण्याचं आणखी एक कारण होतं. ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांची बायको सरलाबाई वर यायला तयार नव्हती. लहानपणी तिच्या मामाचं गवती घर तिच्या डोळ्यांदेखत जळालं होतं. गवताखाली राहणार नाही, असं तिनं लग्नातच बजावलं होतं. रतिलालभाईंनी तिला मातीखाली ठेवीन असा शब्द दिला होता. ती येईल म्हणून चौथ्या खोलीत दोन बाजा होत्या. ती आली नव्हती. ते दर वर्षी खारी टाकत होते.

चौसष्ट साली श्रावणात झडी लागली. ऊन कसं असतं ते आम्ही विसरलो. कपडे वाळेनात, काडेपेटी पेटेना. आदल्या वर्षी दुसरी खोली गळली होती, म्हणून रतिलालभाईंनी त्या उन्हाळ्यात तिच्यावर दुप्पट खारी चढवली होती. खाली, सपाटीवर, हाच उपाय. पाऊस उघडतो, माती वाळते, पुन्हा हलकी होते. इथं ती वाळलीच नाही. भिजत राहिली, जड होत राहिली. हे मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

रेंग्याच्या बायकोचे, ठकुबाईचे दिवस भरले होते. दोन दिवस ती घरी अडली. मग रेंग्यानं तिला बांबूच्या झोळीतून जमुनाबाईंकडे आणलं. भर दुपार होती, पण आत कंदील लावावा लागला. मी, रेंग्या आणि रतिलालभाई माझ्या पडवीत बसलो. रतिलालभाई दुसऱ्या खोलीच्या धाब्याकडे बघत होते.

जमुनाबाई दारात आल्या. हात कोपरापर्यंत ओले. आवाज एकदम साधा.

“रतिलालभाई, तुळई बोलतेय. करकर करतेय.”

आम्ही उठलो.

“बाईला हलवता येणार नाही. बाळाचं डोकं दिसतंय. तुम्ही छताचं बघा, मी खालचं बघते.”

रतिलालभाई उंबऱ्यापर्यंत गेले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जाऊ नये. ते मान वर करून, फक्त वर बघत उभे राहिले. तुळई मधोमध झुकली होती. कड्यांमधून मातीची बारीक धार ठकुबाईच्या पायाशी पडत होती. इतकी वर्षं ते छताकडे बघत होते. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“टेकू,” रेंग्या म्हणाला, आणि धावला. सागाचं एक खोड घेऊन आला. आत जायचं कोणी? तोच गेला. भिंतीकडे तोंड केलं, डोळे घट्ट मिटले आणि चाचपत टेकू तुळईखाली लावला. जमीन ओली होती. टेकू खाली रुतू लागला. रेंग्यानं त्याला खांदा दिला आणि तसाच उभा राहिला.

“वरलं वजन उतारनं पडी,” रतिलालभाई म्हणाले. त्यांनी शिडी लावली, फावडं घेतलं.

मी म्हणालो, “मी चढतो.”

“मन्ही माती शे. मीच उतारसू. तू तुन्ह्या खोलीनं दार काढ.”

मी दार बिजागरीतून काढून वर दिलं. त्यांनी ते भिंतीच्या कडेला, धाब्याच्या मातीवर आडवं टाकलं. त्यावर पालथे झाले, म्हणजे भार एका जागी येऊ नये. आणि तसेच निजून फावड्यानं माती ओढू लागले. मी खाली उभा राहून पडलेली माती भिंतीपासून दूर सारत होतो.

आधी पांढरी माती आली. मग काळी, मग पुन्हा पांढरी. एकेक थर एकेका उन्हाळ्याचा. ज्या गोण्या घोड्यावरून उतरवताना ते घोडेवाल्यावर ओरडायचे, सांडू नको रे, सांडू नको, त्या गोण्यांतली माती ते चिखलात फेकत होते. पाऊस त्यांच्या पाठीवर पडत होता. वर फावड्याचा आवाज, आत जमुनाबाईंचा.

“जोर दे बाई. आणखी. रेंग्या, हलू नको. बाई, तू नाही, तू जोर दे.”

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दार सरकवत सरकवत रतिलालभाई अर्ध्या धाब्यापर्यंत पोचले होते. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. बारीक, रागीट.

फावडं थांबलं.

“काय व्हयनं?” रतिलालभाईंनी वरून विचारलं.

“माले काय माहीत,” आतून रेंग्या म्हणाला. “मन्हा डोळा मिटेल शेत.”

जमुनाबाई हसल्या. त्या दिवसभरात पहिल्यांदा. “मुलगी झाली. दोघी नीट आहेत. उतरा आता, रतिलालभाई.”

“आते नही. आखो माती शे.”

ते उतरले नाहीत. फळ्या उघड्या पडेपर्यंत माती ओढत राहिले. तुळई तशीच वाकलेली राहिली, पण बोलायची थांबली. रेंग्यानं खांदा काढला तरी टेकू जागचा हलला नाही. मग उघड्या फळ्यांतून सगळीकडे पाणी गळू लागलं. आम्ही घोंगडी धरली, आणि तिच्या आडोशानं ठकुबाईला आणि बाळाला झोळीतून रेंग्याच्या घरी नेलं. रतिलालभाई मागून आले. ते चिखलानं पांढरे झाले होते. पावसानं पुरते धुतलेही गेले नव्हते.

रेंग्याच्या घरात ते पहिल्यांदाच शिरले. मीही. मधोमध चूल पेटलेली होती. वर गवत, धुरानं काळं झालेलं, चकचकीत. बाहेर धो धो कोसळत होतं आणि आत एक थेंब नव्हता. रतिलालभाई चुलीशी बसले, वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

“कोरडं शे रे,” ते म्हणाले.

रेंग्याला इतक्या वर्षांचं काय काय बोलून घेता आलं असतं! तो फक्त म्हणाला, “खोकी दख, शेट.”

रतिलालभाई खरंच खोकले. ठकुबाईसुद्धा हसली.

रेंग्याच्या आईनं ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ पुढं ठेवली. ज्या माणसानं दुसऱ्याच्या चुलीवरचं कोणी खात नाही म्हणून चार चुली बांधल्या, त्यानं भाकर मोडली आणि डाळीत बुडवली. दुसरी मागून घेतली. जेवताना बोलले नाहीत. मी आपला बघत बसलो. माझी भाकर तशीच हातात होती.

दसऱ्यानंतर सगळा पाडा आला. त्यांच्यात एकाचं घर म्हणजे सगळ्यांचं काम. पुरुषांनी सागाची लाकडं उतरती बांधली, बायकांनी गवताच्या पेंढ्या वर फेकल्या. तिन्ही खोल्यांना उतरतं छप्पर आलं. माती मात्र रतिलालभाईंनी कोणाला उतरवू दिली नाही. ती त्यांनी एकट्यानं, आधीच उतरवून ठेवली होती. चौथ्या खोलीला हात लावला नाही. शब्द दिला होता.

दिवाळीनंतर सरलाबाई आल्या. श्रावणातली गोष्ट कोरीटपर्यंत पोचली होती. बरीच वाढून पोचली होती. त्या अंगणात उभ्या राहिल्या, तीन खोल्यांवरचं गवत बघितलं.

“हाई काय?”

“पाहुणासले आवडस,” रतिलालभाई म्हणाले. “तुन्हा करता धाबं ठेयेल शे.”

त्यांनी चौथी खोली दाखवली. आत जाऊन खोकून दाखवलं. सरलाबाई दारातच थांबल्या. वरच्या कड्या एकेक करून बघितल्या.

“मी याना खाले निजाव नही.”

“गवत जळस म्हनस ना तू?”

“जळनं ते पळता येस. हाई पडनं ते?”

रतिलालभाईंनी वर कड्यांकडे बघितलं. जमुनाबाई ओढणीत तोंड लपवून आत गेल्या. त्या रात्री सरलाबाई त्यांच्या खोलीत, गवताखाली निजल्या. सकाळी म्हणाल्या, झोप बरी लागली, फक्त ह्या बाई झोपेत बायकांना जोर दे म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून रतिलालभाई चौथ्या खोलीवर चढू लागले. घाई नव्हती, आभाळ निरभ्र होतं. सकाळी थोडी माती काढत, मग खाली येऊन सरलाबाईंबरोबर चहा पीत. मी कामावर जाताना ते वरून हाक मारत, “बियेभाऊ, आज पांढरी उनी!” म्हणजे पांढरा थर लागला. त्यांचा आवाज हलका झाला होता. दर पावसात त्या छतांखाली निजणाऱ्यांची काळजी ते एकटे वाहत होते, हे मला तेव्हा कळलं. ती संपल्यावर कळलं.

पौषात कापसाच्या वेचणीला दोघं खाली गेले. आठवडाभरात येतो म्हणाले.

रेंग्यानं सांगितलं ते असं. वेचणी झाली, जेवले, आजाच्या धाब्याखाली निजले, सकाळी उठले नाहीत. त्रास झाला नाही. सरलाबाई शेजारीच होत्या, त्यांनाही कळलं नाही. मला वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय. श्रावणातल्या त्या दुपारी वाकलेल्या कड्यांवर पालथे पडून माती ओढत असताना ते गेले असते, तर काय? ते गेले नाहीत. त्यांच्या मातीखाली कोणी गेलं नाही. रेंग्याची मुलगी आता बसायला लागली आहे.

काल मी चौथ्या खोलीवर शिडी लावून चढलो. अर्ध्या भागात फळ्या उघड्या आहेत. उरलेल्या अर्ध्यावर माती आहे, वर पांढरी, कडेला कापल्यासारखी सरळ. रेंग्यानं गवताच्या पेंढ्या बांधून भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. मी त्याला विचारलं, उरलेली माती आपण काढायची का? तो म्हणाला, सरलाबाई येतील, त्यांना विचारू. माती अजून तशीच आहे.