झाकलेलं ताट आणि बावतीसचा विचार

भंगारवाल्याच्या दुकानात सामान कसं जमतं? कोण कधी आणून टाकतो, कळतच नाय, पण ढीग वाढतच जातो. आमच्याकडे किश्श्यांचं तसं झालंय! त्यात आमची जागा म्हणजे अंबरनाथच्या चर्चमागची खोली, आन विषय काय, तर पाप! मग तर विचारूच नका.

आमचे फादर नेल्सन वसईचे. वय लहान, उत्साह दांडगा. त्यांनी रविवारी वाचन चालू केलं. पार जुन्या काळात वाळवंटात राहणारे ख्रिस्ती साधू होते म्हणे. त्यांनी शोधून काढलं की माणसाला आठ वाईट विचार छळतात. खादाडपणा, वासना, लोभ, दुःख, राग, कंटाळा, फुशारकी आन गर्व. वाचून दाखवायच्या फिलोमिना टीचर, शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला. ऐकायला मी इनास, माझी बायको रोझी आन माझा दोस्त बावतीस, विठ्ठलवाडी डेपोचा जुना मेकॅनिक. मला वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं. पण कान शाबूत हायत ना!

फादरनी एक नियम घातला. हे साधू लोक वाईट विचार मनात दाबून ठेवायचे नाय, जाऊन मोठ्या साधूला सांगायचे. लपवला तर विचार वाढतो, सांगितला की मरतो. "आपणपण दर रविवारी एकानं सांगायचा," फादर बोलले. "हे काय कुमसार, म्हणजे पापांची कबुली नाय, पापं सांगू नका. फक्त विचार."

पहिला नंबर रोझीचा.

"फादर, माझा वाईट विचार बाजूलाच बसलाय," ती माझ्याकडे बोट दाखवून बोलली. "लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगते हाय. मरत नाय!"

*

सुरुवातीला वाचनाचा टायम होता दुपारी अडीचचा. रविवार, घरी पोर्क शिजलेलं, वर सॉलिड जेवण. आन त्या दिवशी धडा कुठला? दुपारचा सैतान!

म्हणजे तो कंटाळा. साधू प्रार्थनेला बसला की हा भर दुपारी येतो. साधूला दिवस संपतच नाय असं वाटतं, मग तो खिडकीतून बघत बसतो, कोण भेटायला येतंय का.

फादर बोलले, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. आपल्या मनात कुठला विचार येतो, ते नुसतं बघा."

बघितलं की! फादरनी टाळी वाजवली तेव्हा मी दचकून उठलो. बावतीसची मान टीचरच्या पर्सवर. रोझी तर घोरत होती.

"काय रोझीताई, कुठला विचार आला?"

"एकपण नाय, फादर!" ती डोळे चोळत बोलली. "मन एकदम साफ!"

तेव्हापासून टायम संध्याकाळी सहाचा झाला.

*

आता बावतीसचं सांगतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्याची. डेपोत असताना ग्रीसचा शर्ट घालून मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला यायचा. वाचन चालू झाल्यावर गडी कडक इस्त्रीत! मानेला पावडर! त्यानं मला काय सांगितलं नाय, पण मला डोळे हायत. टीचर वाचायच्या तेव्हा तो कागदाकडे बघायचा नाय.

भानगड एकच. टीचर सगळ्यांना भाऊ बोलायच्या. इनासभाऊ, बावतीसभाऊ. मला काय फरक पडत नाय. त्याला दर वेळी गाडी खड्ड्यात आदळल्यागत व्हायचं.

विचार सांगायची त्याची पाळी आली की बोलायचा, "आज नको फादर, घसा बसलाय."

पुढच्या रविवारी, "आज नको, दाढ दुखते."

मी बोललो, "फादर, याला साधूकडे नाय, सेंट्रल हॉस्पिटलला पाठवा!"

*

खादाडपणाच्या दिवशी मी ताट नेलं. वर रोझीचा विणलेला रुमाल. रोझी यायच्या आधीच टेबलाच्या मधोमध ठेवलं आन बोललो, "रोझीनं फुगे तळलेत. गरम हायत."

आमच्याकडचे फुगे म्हणजे मैद्याचे, तळलेले. नाव घेतलं की माणूस मऊ होतो. फादर बोलले, "वा! आज परीक्षाच. वाचन संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाय."

टीचर वाचतायत, साधू कसे भुकेला आवरायचे. फादरची नजर रुमालावर. बावतीस सारखा गिळतोय. टीचरनी तर एक ओळ दोनदा वाचली.

धडा संपला. फादर हात चोळत बोलले, "जिंकलो आपण! आता घ्या एकेक." आन रुमाल उचलला.

ताट रिकामं!

तासभर सगळे रिकाम्या ताटाशी लढत होते. बावतीस बोलला, "आयला, मला वासपण येत होता!"

रोझी माझ्याकडे बघून बोलली, "घरी चल तू." तिला या ताटाचा पत्ताच नव्हता.

*

त्याच्यावरून फादरना पुढचा धडा सुचला. "बघा, ताटात काय नव्हतं तरी आपण तळमळलो. वाईटाचं असंच असतं. सैतानानं स्वतः काय बनवलेलं नाय. कापड देवाचं. वाईट म्हणजे त्या कापडाला पडलेलं भोक. भोकाला स्वतःचं असं काय नसतं."

मी आयुष्य काढलं कॅम्प चारच्या कारखान्यात जीन्स शिवण्यात. मला राहवलं नाय.

"फादर, तुम्ही कॅम्प चारला या. आमचा शेठ भोकं पाडायला वेगळा माणूस ठेवतो! चांगली पँट ढिगात आन फाटकी काचेत लावतो!"

फादरनी कपाळाला हात लावला. मग बोलले, "इनासभाऊ, यालाच सैतानाचा धंदा म्हणतात."

मी जाऊन शेठला सांगितलं. शेठ सिंधी, पक्का. बोलला, "साईं, फादर को बोल एक बार माल देख के जाए. कमर कितनी है उनकी?"

*

फुशारकीच्या दिवशी मी फादरना दारातच पकडलं. "फादर, तुमच्यासारखा नम्र माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाय."

फादर लाजून हसले.

"हसलात!" मी ओरडलो. "लागला सैतान!"

*

मग एका रविवारी टीचर बोलल्या, "मुलानं नाशिकला घर घेतलंय. पावसाच्या आधी मला न्यायचं म्हणतोय. मी अजून हो बोलले नाही. आपला गर्वाचा धडा होऊ दे, मग कळवते."

मी बावतीसकडे बघितलं. त्याची पावडर घामानं वाहत होती.

बाहेर रिक्षा स्टँडला मी त्याला धरला. "बावत्या, आता तरी बोल! नाशिकला काय चावी पाना घेऊन जाणार हायस?"

"बघू," तो बोलला.

"काय बघू? डोळे मिटून बघतोस काय?"

तो रिक्षात बसला आन गेला.

शेवटचा रविवार. गर्वाचा धडा झाला. फादरनी हिशोब लावला, "रोझीताई झाल्या, इनासभाऊ तर चार वेळा झाले. बावतीसभाऊ, आज दाढ कशी हाय?"

"बरी हाय."

"मग सांगून टाका."

बावतीस उभा राहिला. शर्ट खाली ओढला. मी रोझीचा हात दाबला, रोझीनं मला चिमटा काढला.

"फादर," तो बोलला, "मी नाय सांगणार."

"का हो?"

"तुम्हीच बोललात ना, सांगितला की मरतो म्हणून." त्यानं खाली बघितलं. "मला तो मारायचा नाय."

फादर टीचरकडे वळले. "बरं. टीचर, तुम्ही दर वेळी वाचता, त्यामुळे तुमची पाळी राहूनच गेली. तुमचा?"

टीचरनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

"मग माझापण राहू दे, बावतीस," त्या बोलल्या.

फादर बिचारे एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे. "अहो, पण विचार आहे तरी कुठला?"

रोझीनं पिशवीतून ताट काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

"फादर, तुम्ही फुगे घ्या. आज खरंच भरलेलं हाय."