दुखवट्याच्या घरची कढई

यजमान गेल्यावर सात-आठ महिने मी देवासमोर हात जोडले नव्हते. राग होता असं नाही, बोलायलाच काही उरलं नव्हतं. ते रसायनांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. तिथल्या स्फोटात ते गेले आणि त्यांच्याबरोबर वारूळवाडीच्या एकाच भावकीतली चार माणसं गेली. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलेली बाई. घरात मूलबाळ नाही. आम्ही काही जणांनी वारूळवाडीत दोन खोल्या घेऊन या चार घरांतल्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं, तेव्हा मी त्यात स्वतःला गाडून घेतलं. अभ्यास, औषधं, सरकारी अर्ज, सगळं बघायचे. देव करत नाही ते आपण करू, अशी एक घमेंडही मनात होती, हे आता कबूल करते.

त्या मुलांत कोमल होती, सात वर्षांची. तिची आई त्या दिवशी गेली आणि आईला डबा द्यायला कारखान्याच्या फाटकापाशी गेलेल्या कोमलचा उजवा हात भाजला. जखम भरली, पण कातडी आखडत चालली होती. बोटांना रोज व्यायाम दिला नाही तर ती तळहाताला चिकटून बसतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचे आजोबा, तात्या, रोज सकाळी तिला केंद्रात आणून सोडत. ती माझ्यासमोर बसून रडत रडत बोटं उघडायची, मिटायची.

दिवाळी जवळ आली. केंद्रातली बाकीची मंडळी पुण्याची, ती आपापल्या घरी गेली. मुलांची दिवाळी कोरडी जाऊ नये म्हणून मी रवा, मैदा, साखर, तूप, तेल अशा पिशव्या भरल्या आणि चारही घरी पोचवल्या. दुसऱ्या दिवशी चारही पिशव्या केंद्राच्या पायरीवर होत्या आणि शेजारी तात्या उभे होते.

"बाई, आमच्या घरात औंदा कढई चढत न्हाई," ते म्हणाले. "तुमाला म्हाईत नाय व्हय? येवढ्या शिकल्याल्या तुमी."

दुखवट्याच्या घरी पहिलं वर्ष तळण करत नाहीत, बाहेरच्यांनी फराळ न्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या घरीही तोच दुखवटा होता. पण माझी चूल कशीबशी चहापुरती पेटत होती; कढईची आठवण व्हायला घरात कोणी मागणारं तर हवं. त्यांची सगळी भावकीच दुखवट्यातली, त्यांना फराळ आणणार कोण, हा विचार मी केलाच नाही. उलट त्यांच्याच हातात तेल ठेवून आले.

दुसऱ्या दिवसापासून कोमल आली नाही. मी दोनदा माफी मागायला गेले. "पोरगी झोपलीय," एवढंच तात्या म्हणाले. पाच दिवस गेले. तिची बोटं माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

सहाव्या दिवशी, का कोण जाणे, मी लेण्याद्रीला गेले. पायऱ्या चढून गाभाऱ्यासमोर उभी राहिले. तिथे देवाची पाठ आपल्याकडे आहे, असं लोक सांगतात. मला त्या दिवशी ते फार खरं वाटलं. हात न जोडताच मी उतरले आणि अर्ध्यात पायरीवर बसून रडले.

शेजारी एक म्हातारी टेकली होती. हिरवं लुगडं, हातात काठी. तिची मेंढरं खोडदकडे, रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्यांच्या अंगाला बसली होती. तिने पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं.

"कोरडं सामान दिलं?" ती हसली. "अवो, ते म्हंजी त्यांनाच कढई ठेवा म्हणल्यासारखं झालं. पुस्तकात न्हाई का लिव्हलेलं?"

"मीसुद्धा दुखवट्यातलीच आहे, मावशी. मलाही तळण चालत नाही."

"मग तुमी गप बसा. तळणारी येईल." तिने केंद्राचा पत्ता विचारला आणि काठी टेकत वर गेली. मी ते बोलणं धीर देण्यापुरतं धरलं.

धनत्रयोदशीला सकाळी केंद्रासमोर पिकअप थांबली. म्हातारी उतरली, मागून दोन सुना, मोठी कढई आणि सरपण. अंगणात तीन दगडांची चूल मांडून त्या कामाला लागल्या. मी पुढे झाले तर म्हातारीने हाताने मागे सारलं आणि ती माझ्याकडे पाठ करून कढईपुढे बसली. करंज्यांचा पहिला घाणा उतरला तसं ताट भरून ती स्वतः तात्यांच्या दारात गेली.

"पावणं, दार उघडा. माझ्या चुलीचं हाय, तुमच्या न्हाई. आन पोरीला धाडा, मुरड घालायला हात कमी पडत्यात."

तात्या ताट घेऊन आत गेले. मग कोमलला घेऊन आले.

म्हातारीने तिच्यापुढे सारण भरलेली करंजी ठेवली. करंजीची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दुमडत न्यायची, तीच मुरड. कोमलला पहिली जमली नाही. दुसरी फाटली. "लई ग्वाड दिसती फाटकी," म्हातारी म्हणाली आणि तीही तळली. दुपारपर्यंत कोमल न रडता चिमूट उघडत होती, मिटत होती. तात्या माझ्याशेजारी येऊन बसले. "उद्यापास्नं आणतो," म्हणाले.

म्हातारीने माझ्यापुढेही ताट ठेवलं. सात महिने मी फक्त देत होते. घ्यायची वेळ आली तेव्हा हात पुढे होईना. मग झाला. ती करंजी गरम होती.

मेंढरं पुढे गेली, म्हातारी पुन्हा भेटली नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. केंद्रात आता रोज कणीक मळून ठेवतो आणि कोमल तिला मुरड घालते. ती पेन्सिल धरू लागली आहे.

परवा मी पुन्हा लेण्याद्रीला गेले. गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि मला चुलीकडे तोंड करून बसलेली म्हातारी आठवली. त्या दिवशी सकाळभर मला तिची पाठच दिसत होती, कारण ती आमच्यासाठी तळत होती. मी हात जोडले. मागितलं काहीच नाही. कामात असलेल्याला मधेच हाक मारू नये, म्हणून तशीच थोडा वेळ बसून खाली उतरले.