बाइंडरच्या पोटातले पाहुणे

बाइंडर दर बुधवारी डबा घेऊन दवाखान्यात जायचे. त्यात काय असतं, असं शेजारणीने एकदा कौतुकाने विचारलं आणि खरं उत्तर ऐकल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही. जन्मभर पुस्तकं बांधलेला माणूस. बायको गेलेली, मुलगी लांबच्या गावी. तिचा रविवारी फोन यायचा. "जेवलात ना?" "जेवलो." संपलं बोलणं.

दवाखान्यात एक संशोधन चाललं होतं. बारा जणांनी चार आठवडे पोटाला चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल घ्यायच्या, मग त्या बंद करायच्या. पुढे दर आठवड्याला शौचाचा नमुना द्यायचा. ज्याच्या नमुन्यात ते जिवाणू सापडणार नाहीत, त्याची सुट्टी.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी चित्र काढून समजावलं होतं. जिवाणूच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात, त्यांनी तो आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर पकडतो. पण तो थर सारखा पुढे सरकतो, खालचं अस्तर चार-पाच दिवसांत झडून नवं येतं, आणि आधीपासून राहणारे जिवाणू जागा सोडत नाहीत.

"ओल्या पुठ्ठ्यावर खळ धरत नाही, मॅडम," बाइंडर म्हणाले. "आमच्या धंद्यात तरी नाही."

"इथेही बहुतेक नाहीच धरत. आले तसे जातात. कुणाच्यात टिकतात का, तेच बघायचंय."

कॅप्सूल बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापर्यंत अकरा जण सुटले. बाइंडर राहिले. कारण सोपं होतं. उरलेल्या कॅप्सूल बेसिनमध्ये सांडल्या असं त्यांनी सांगितलं होतं, पण ती बाटली कपाटात, सुयांच्या डब्यामागे होती. दर दोन दिवसांनी एक कॅप्सूल. चोरी छान पचत होती.

ही लबाडी कशासाठी, तर दर बुधवारी नमुना घेताना सिस्टर भरायची त्या फॉर्मसाठी. बत्तीस प्रश्न होते त्यात. झोप लागते का, भूक कशी आहे, उदास वाटतं का. सिस्टर एकेक विचारायची आणि उत्तर येईपर्यंत पेन थांबवून त्यांच्याकडे बघायची. काल भाजीत मीठ जास्त पडलं, हे सांगायला बाइंडरना जगात दुसरं कोणी नव्हतं. त्या अर्ध्या तासासाठी ते मंगळवारीच चांगले कपडे काढून ठेवायचे.

अकराव्या आठवड्यात डॉक्टर मॅडम स्वतः आल्या. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "काका, तुमच्यात ते चक्क चिकटलेत! आता दुर्बीण घालून अस्तराचा कणभर तुकडा घेऊ. हे खरं ठरलं तर आतड्याच्या पेशंटना हेच सुरू करू."

आपली लबाडी आता पेशंटच्या औषधात जाणार, हे बाइंडरना कळलं. तरी दुर्बीण म्हणजे अख्खा दिवस माणसांत, हाही विचार डोक्यात येऊन गेलाच. एकटेपणा माणसाला काय काय सुचवतो!

सिस्टरने नवा फॉर्म उघडला. "भूल देणार, म्हणजे घरी न्यायला कोणीतरी हवं. कोण येईल?"

मुलीचं नाव बाइंडरच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"असू दे," सिस्टर हळूच म्हणाली. "गुरुवारी माझी सुट्टी आहे. मीच येते."

ती त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहू लागली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"लिहू नका, सिस्टर. मी अजून गोळ्या घेतोय."

पेन थांबलं. "का हो, काका?"

"नाहीतर तुम्ही मला काही विचारणं बंद केलं असतंत."

डॉक्टर मॅडम खूप रागावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी बाटली परत मागवली आणि दोन आठवड्यांनी शेवटचा नमुना खिडकीवरच देऊन जायला सांगितलं.

निकाल फोनवर आला.

"काका, एकही सापडला नाही," सिस्टर म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही."

बाइंडर फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले. "सिस्टर, काल झोप बरी लागली मला. भूकही लागते. पोटात दुखत नाही."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"काका," ती म्हणाली, "फॉर्म बंद केलाय हो."