राबात हरवलेली फुली

जव्हारच्या एसटी डेपोत सावळा मिस्त्रीने एकतीस वर्षं काढली, आणि ती सगळी कानाच्या जोरावर काढली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चेहरा असा व्हायचा, की समोर जणू कुणी गवई बसलाय. मग हळूच म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुरकुरतोय." इंजिन उघडलं की तिसऱ्याचाच निघायचा. ड्रायव्हर मंडळी एकमेकांकडे बघायची आणि सावळा मान किंचित झुकवून, टाळ्या घेतल्यासारखा, हात पुसत निघून जायचा.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय ऐकणार? सहा महिने त्याने बायकोचा मिक्सर ऐकला, शेजारणीची शिलाई मशीन ऐकली, पिठाच्या गिरणीसमोर तर स्टूल टाकून बसला. बायको फागी पार कंटाळली. मुंबईला भंगाराच्या वखारीत कामाला असलेल्या आपल्या भावाला तिने सांगितलं, "यांना काहीतरी खेळणं आण बाबा."

भावाने २००२च्या दिवाळीत आणलं ते खेळणं म्हणजे एक लांब दांडा. खाली जेवणाच्या ताटाएवढी थाळी, वर डबा, डब्याला फिरवायच्या तीन खुंट्या आणि कानाला लावायचे फोन. खुंट्यांवरची अक्षरं घासून गेलेली. जमिनीतला धातू सांगतं, एवढंच भाऊ सांगू शकला.

फागी म्हणाली, "मला वाटलं केस वाळवायचं हाय."

सावळाने अंगणात खिळे पुरले, खुरपं पुरलं, फागीच्या बोटातली अंगठी तिच्या डोळ्यांदेखत पुरली आणि आठ दिवस ऐकत बसला. नवव्या दिवशी तीन खुंट्यांची बारशी झाली. पहिली 'कान'. ती वाढवली की यंत्र खोलवरचं, बारीकसारीक सगळं ऐकतं, पण फार वाढवली तर नसलेलंही ऐकतं. दुसरी 'पाय'. मातीतही लोखंडाचा अंश असतो, तो यंत्राने मनावर घेऊ नये म्हणून आधी त्याचे पाय त्या जमिनीला लावून घ्यायचे. थाळी वरखाली करत खुंटी फिरवायची, कुरकुर थांबेपर्यंत. तिसरी 'नखरा'. नखरा वाढवला की यंत्र खिळ्यांकडे बघत नाही. आणखी वाढवला की चांदीच्या कागदाकडेही बघत नाही. पण बारीक सोनं बसतं नेमकं त्या कागदाच्या शेजारी, एकाच पंगतीला. कागद उठवला की सोनंही उठून जातं.

लवकरच त्याचं नाव थाळीवाला मिस्त्री झालं. कुणाची बैलाच्या गळ्यातली घंटा, कुणाची कानातली कुडी. पैसे घ्यायचा नाही. चहा घ्यायचा आणि वस्तू कशी हरवली ती हकिगत पहिल्यापासून ऐकायचा. त्यात त्याचा स्वार्थ होता. वस्तू जाड की पातळ, अखंड कडं की तुटकी साखळी, यावर खुंट्या ठरायच्या. पण खरं सांगायचं तर त्याला हकिगतीच आवडायच्या.

२००४च्या मे महिन्यात जिवा त्याला न्यायला आला. मोखाड्याच्या पुढे जीप सोडून अर्धा तास चालायचं, असा त्याचा पाडा. शेताच्या बांधावर आंब्याखाली जिवाची बायको गोदा आणि बहीण सुकी बसल्या होत्या. कोरा चहा आला.

"सांग वहिनी," सावळा म्हणाला. "पहिल्यापासून."

गोदाने सांगितलं. तिच्या नाकात सोन्याची फुली होती. तिच्या आईने लग्नाच्या दिवशी स्वतःच्या नाकातली काढून दिलेली. येत्या रविवारी गोदाच्या मुलीचं, चंदाचं लग्न. चंदालाही तीच द्यायची, हे मुलगी पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. वैशाखात राब रचायला, म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर शेण, फांद्या आणि वाळक्या पानांचा पातेरा जाळण्यासाठी पसरायला, गोदा डोक्यावर भारे वाहत होती. एका भाऱ्याची काटकी पदरात अडकली, पदर नाकावरून ओढला गेला. संध्याकाळी भाकरी थापताना नाकाला हात गेला तर नाक मोकळं.

"सकाळी बघू म्हटलं. सकाळी उठले तर ह्या माणसाने राब पेटवून दिला."

"वारा पडला होता," जिवा म्हणाला. "वारा पडला की पेटवायचा. मला काय ठाव तुझं नाक?"

"बावीस वरसं बघतोस की."

सुकी हसली. जिवा खाली बघत म्हणाला, "इतळून गेली असंल, मिस्त्री."

"पातेऱ्याच्या आगीत सोनं वितळत नाही, मी सोनाराला विचारलंय. काळी पडली असेल. पण आहे."

"दोन दिवस सुपाने पाखडली माती," गोदा म्हणाली. "नाय गावली. आणि आज धूळपेरणी हाय. ह्यांनी बी आणून ठेवलंय. एकदा नांगर फिरला की गेली."

बांधावर भाताच्या बियाण्याची टोपली होतीच. पावसाआधी कोरड्या मातीतच सारा पाडा आज पेरत होता. जिवा तेवढा थांबला होता, तोही दुपारपर्यंत.

सावळा सावलीत उभा राहिला. कान वाढवला, बांधाच्या मातीवर थाळी वरखाली करून पाय लावून घेतले आणि रंगमंचावर पाऊल टाकावं तसा राबात शिरला.

यंत्र किंचाळायला लागलं. डावीकडे किंचाळलं, उजवीकडे किंचाळलं. सावळाने कानावरचे फोन उपटले.

जिवाचे डोळे मोठे झाले. "एवढं सोनं?"

"सोनं नाही रे. डोकं फिरलंय याचं."

त्याने कान कमी केला. तरी किंचाळे. आणखी कमी केला, आणखी कमी केला, तेव्हा कुठे यंत्र गप्प झालं. मग तो सगळ्या राबात उभा फिरला, आडवा फिरला. दीड तास. हाती लागलं एक विळ्याचं जाड, मोडकं पातं. जिवाने टोपलीवरचं फडकं काढलं. गोदाने पदर नाकावर ओढून घेतला, ते सावळाने पाहिलं.

"जिवा, ठेव ते फडकं," तो म्हणाला. "सुकीताई, तुझ्या नाकातली जरा दे."

"का?"

"अशीच आहे ना ती?"

"एकाच सोनाराची हाय. पण का?"

"पुरायची आहे."

सुकीने नाकावर हात ठेवला. "एक गेली ती पुरे झाली की. माझी पुरून काय रोप काढायचंय?"

शेवटी तह झाला. फुलीला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्याचं टोक सुकीने बोटाला गुंडाळून धरायचं. राबात दोन बोटं खोल फुली पुरली. सावळाने तिच्यावरून थाळी नेली. यंत्र गप्प. डोळ्यांसमोर सोनं पुरलेलं, आणि यंत्राला त्याचा पत्ता नाही.

"बहिरं केलंय मी याला," सावळा म्हणाला. "ओरडतं म्हणून बहिरं केलं. पण ओरडतं का? बांधावर तर शहाण्यासारखं होतं."

गोदा बसल्या जागेवरून म्हणाली, "बांधाची माती नि राबाची माती एक असती का, दादा?"

"शेजारीच तर आहे."

"शेजारी असंल. पण ही भाजलेली हाय. भाजली की माती बदलती, म्हणून तर आम्ही भाजतो. बांधावर बी टाकलं तर रोप येतं का असं?"

सावळा तिच्याकडे बघतच राहिला. इंजिन गरम झालं की त्याचा आवाज बदलतो, थंड इंजिनावर निदान करायचं नसतं, हे त्याने डेपोतल्या नव्या पोरांना हजारदा सांगितलं होतं. आणि स्वतः यंत्राचे पाय बांधाला लावून राबात फिरत होता.

तो राबाच्या मधोमध उकिडवा बसला. काळ्या मातीवर थाळी वरखाली, वरखाली. पायाची खुंटी केसाकेसाने पुढे. किंचाळीची कुरकुर झाली, कुरकुरीचा गुणगुणाट झाला, मग तोही सरळ रेषेसारखा शांत झाला. आता त्याने कान हळूहळू वाढवला. नखरा पार शून्यावर आणला. सुकीच्या फुलीवरून थाळी नेली. एक इवलासा, गोल, गोड आवाज आला. त्याने फोन काढून सुकीच्या कानाला लावला.

"अगं बया," सुकी म्हणाली. "माझं नाक बोलतंय."

पुढचा तास धमाल झाली. नखरा शून्यावर म्हणजे यंत्र कुणालाच नाही म्हणेना. तसाच गोड आवाज आला की चौघेही धावायचे, आणि निघायचा गुटख्याच्या पुडीचा चुरगळलेला कागद. एक निघाला, चार निघाले, अकरा निघाले.

"राब भाजल्यावर राखणीला बसत होतास ना?" गोदा नवऱ्याला म्हणाली. "दिसलं काय राखलंस ते."

"वाऱ्याने आले असतील."

"वारा पडला होता म्हणालास."

जिवा म्हणाला, "मिस्त्री, नखरा वाढवा की थोडा. कागद सुटतील."

"कागदांबरोबर फुलीही सुटेल. खाल्लंस तेवढं उकर आता."

जिवाने उकरलं. सतरावा आवाज बांधाच्या कोपऱ्याला आला. जिवाने कंटाळून मूठभर माती उचलली, चाळली, आणि फेकायला हात मागे नेला. सावळाने त्या हाताखाली थाळी धरली. आवाज आला, आणि तो आता मुठीतून येत होता.

जिवाने मूठ उघडली. काजळलेला, मिरीएवढा दाणा. गोदाने तो उचलून ओठात धरला, ओला केला, पदराने पुसला. एका बाजूने पिवळं चमकलं.

जिवा जिथे उभा होता तिथेच मातीत बसला आणि डोळे पुसत हसायला लागला. गोदाने फुली आपल्याच नाकात घातली.

"चंदाला देणार होतीस ना?" सुकीने विचारलं.

"रविवारी देईन. चार दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

चार दिवस तिने आरशाची पाठ सोडली नाही, असं सुकी सांगत फिरली. रविवारी भर मांडवात गोदाने फुली काढून लेकीच्या हातावर ठेवली, तेव्हा पहिल्या रांगेत फागीला घेऊन बसलेला सावळा खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने एकट्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळा मांडव वाजवायला लागला.

पुढच्या वैशाखात वारा पडला तेव्हा जिवा वाळक्या गवताचा पेटता चुडा हातात धरून बांधावर उभा राहिला आणि ओरडला, "बायांनो, नाकं बघा, कानं बघा, गळे बघा." शेतातल्या साऱ्या बायकांचे हात एकदम वर गेले. मगच त्याने राब पेटवला. आता त्या पाड्यावर राब पेटवण्याआधी अशी हाक घालतात. तिथून तेव्हापासून थाळीवाल्या मिस्त्रीला एकदाही बोलावणं आलेलं नाही. तो फागीजवळ ही तक्रार करतो, आणि दर वैशाखात बिनबोलावता तिकडे चहाला जातो.