भाऊजींचा उजवा खांदा

फळीच्या भिंतीपलीकडचं ते भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. पण कान काही काढून ठेवता येत नाहीत. माझी धाकटी जाऊ विचारत होती, "खांदा आधीपासूनच दुखतो, असं डॉक्टरला सांगितलंतच कशाला?"

"तिथे सगळे तसंच सांगतात," माझे दीर म्हणाले.

"सगळ्यांचा खांदा निखळलाय का?"

दार वाजलं; भाऊजी बाहेर सटकले. माझ्या जावेपुढे तेच शहाणपणाचं.

भाऊजी आणि मी एकाच मोठ्या लाँड्रीत कामाला. मी चादरींच्या घड्या घालायची, ते चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर. हात आत जाऊ नये म्हणून रोलरच्या तोंडाशी जाळी असायची. एका सकाळी ती निसटली आणि भाऊजींची बोटं आत ओढली गेली. त्यांनी जिवाच्या आकांताने हिसका दिला. हात बाहेर आला, पण बोटं चेंगरली आणि खांदा कामातून गेला. मी समोरच होते.

आता तिथली रीत सांगायला हवी. नवं दुखणं कळलं की मुकादम माणसाला रोलरवरून उठवून मोज्यांच्या जोड्या लावायला बसवायचा, आणि मग सगळी लाँड्री त्याला 'मोजेमामा' म्हणायची. म्हणून काहीही दुखलं तरी 'हे पूर्वीचंच' म्हणायचं. भाऊजींनी डॉक्टरपुढेही सवयीने तेच म्हटलं.

नुकसानभरपाईच्या कोर्टात लाँड्रीमालकाने डॉक्टरचा कागद पुढे केला आणि खांद्यावरही वाद झाला. निकाल लागला: बोटं यंत्राने गेली, जाळी आपोआप निसटली, खांदा मात्र आधीचाच बिघडलेला. बोटांची भरपाई मिळाली म्हणून भाऊजी खुशीत, वरच्या कोर्टात गेलेच नाहीत. पुढे हात वर जाईना, रोलरचं काम सुटलं, तेव्हा डोळे उघडले. मग त्यांनी यंत्र बनवणाऱ्या कारखान्यावर दावा लावला. "खांदा त्या रोलरनेच नेला, एवढं एकदा कोर्टाने म्हणावं," एवढंच त्यांचं मागणं.

वकीलबाईंनी मान हलवली. "खांद्याचं पहिल्या कोर्टात ठरलंय. आता तेच परत उकरता येणार नाही."

"पण हे कोर्ट वेगळं, जज्ज वेगळे," मी मध्येच तोंड घातलं.

"माणूस तोच ना? त्यांना तिथे बोलायची पुरती संधी होती, ताई."

"मग जाळीचंही तिथेच ठरलंय की. कारखान्याने ते निमूट मान्य करावं."

"कारखाना त्या खटल्यात नव्हताच. त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, तर त्याला कसं बांधायचं?"

मला हे पटलं आणि रागही आला; दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे. घरी येऊन मी ते उलटसुलट करून पाहिलं. मला न विचारता घरात काही ठरलं, तर मी तरी कुठे ऐकते?

जाळीचं सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं. मी साक्षीला उभी राहिले. जज्जसाहेबांनी दोनदा 'हळू बोला बाई' म्हणून सांगितलं. बोटांसाठी कारखाना दोषी ठरला. खांद्याचा प्रश्न कोर्टाने ऐकूनच घेतला नाही. भाऊजींना हवं होतं ते वाक्य कुणीच म्हटलं नाही.

तेव्हापासून लाँड्रीत कुणाला लागलं की भाऊजी सोबत जायचे. दवाखान्यात बाकावर बसायचे आणि आत शिरण्याआधी बजावायचे, "कधी लागलं, कशाने लागलं, तेच सांग. शूरपणा बाहेर ठेवून जा." मुकादम त्यांना बघून तोंड वाकडं करायचा. भाऊजी त्याला नमस्कार करायचे, डाव्या हाताने.

शेवटचे दवाखान्यात गेले ते घड्या घालणाऱ्या एका बाईबरोबर. टोपली उचलताना तिची कंबर धरली होती. "पूर्वीही थोडी दुखायची हो," ती म्हणाली.

"थोडी दुखायची तर थोडी म्हण. आज काय झालं तेही सांग."

ती बाहेर येईपर्यंत ते बसून राहिले. डॉक्टरने काय लिहिलं ते तिच्याकडून वाचून घेतलं, तिला घरापर्यंत पोचवलं, आणि येऊन जावेला म्हणाले, "वाढ गं, भूक लागलीय." जेवून आडवे झाले, ते परत उठले नाहीत.